तेलात बुडालेली कुरडई

आमच्या गल्लीत सुनंदाबाईच्या कुरडईला तोड नाही. एके वर्षी तिची कुरडई तेलात अशी फुलली, अशी फुलली, की कढईतून काढल्यावर दारातून बाहेर न्यायला आडवी करावी लागली. एक टोक मी स्वतः धरलं होतं. तर अशा सुनंदाबाईची कुरडई यंदा आखाजीला, म्हणजे अक्षय्यतृतीयेला, तेलात पडली आणि दगडासारखी तळाला गेली. वर आलीच नाही. गल्लीतल्या बायांनी शेवटी त्याचं खापर माझ्या, म्हणजे या भिकुबाईच्या, डोक्यावर फोडलं. खरं तर दोष आमच्या चारुलताचा, आणि तिच्याहून जास्त त्या धुळ्याच्या हितेंद्र सरांचा. माझा असला तर चिमूटभर.

चारुलता माझी नात. जळगावला शिकते. तिच्याबरोबरच्या पोरींची पोरं शाळेत जायला लागली तरी ही अजून शिकतेच आहे. काय शिकते म्हणून विचाराल तर हाडं बनवायला शिकते. माणसाचं हाड मोडलं, मधला तुकडाच गेला, तर ती जागा भरायला एक पांढरा भाजलेला पदार्थ लागतो म्हणे, कपबशीच्या जातीचा. शरीर त्याला परका मानत नाही. मांडवावर वेल चढावा तसं आपलं हाड त्याच्यावर चढत जातं. पण तो पदार्थ बनवायचा तर मोठमोठी यंत्रं लागतात, विजेची भट्टी लागते. हिचं म्हणणं, एवढं काही लागत नाही. अंड्याची टरफलं, एक आम्ल, पाणी आणि विस्तव, बस.

तिची परीक्षा घ्यायला धुळ्याहून हे हितेंद्र सर आले होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "सोपी पद्धत म्हणतेस ना? मग प्रयोगशाळेत कशाला करतेस? गावी जा. घरातल्या भांड्यात कर, गावातल्या भट्टीत भाज, आणि त्याच्या चपट्या, गोल टिकल्या पाडून मला धुळ्याला आणून दाखव. आखाजी झाली की पुढच्या सोमवारी. जमलं तर माझी सही. नाही जमलं तर 'सोपी' हा शब्द खोड आणि पहिल्यापासून सुरू कर."

पहिल्यापासून म्हणजे कितीतरी वर्षं गेली पाण्यात. पोरगी तशीच बसमध्ये बसली आणि पोती घेऊन आमच्याकडं आली. आमचं गाव पारोळ्याच्या अलीकडं, हायवेला लागून. इकडून जळगाव, तिकडून धुळं.

पोत्यात काय, तर जळगावच्या ऑमलेटच्या गाड्यांवरून गोळा केलेली अंड्यांची टरफलं.

आता आमचे आबा, म्हणजे माझे मालक, माळकरी. गिरधर आबा म्हटलं की चार गावांत मान. आमच्या उंबऱ्याच्या आत अंड्याचं नावसुद्धा कोणी काढत नाही. आणि त्यांचं नाक असं, की पारोळ्यात कोणी कांदा चिरला तर इथं यांचे डोळे पाणावतात. पोती बघून ते दारातच थांबले.

"हाई काय शे?"

चारुलताचं तोंड उघडायच्या आधी मी पुढं झाले. "राजस्थानमा एक देऊळनं काम चालू शे. त्याना संगमरवरना चुरा शे हाऊ. पोरले सरकारनी दिन्हा, अभ्यास कराले."

"संगमरवर," आबा म्हणाले.

"व्हय. मूर्तीना उरेल चुरा. बाहेर ठेवाले नको म्हने, पाप लागस."

आबांनी पोत्याकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, "बरं" म्हणाले आणि काठी टेकत टेकत आत गेले. त्यांचा एक पाय जरा ओढत चालतो. मागं कापसाच्या गाडीवरून पडले तेव्हापासून त्यात लोखंडाची पट्टी आहे.

"आजी, अगं संगमरवर?" चारुलता कुजबुजली.

"मग काय सांगू? अंडं सांगू?"

मागच्या दारी मोठ्या पातेल्यात टरफलं उकळली, आतला पापुद्रा सोलून काढला, आणि मडक्यात भरून मडकं निंबाच्या वीटभट्टीत ठेवलं. निंबा आमच्या भावकीतला. भट्टी निवल्यावर टरफलं इतकी पांढरी आणि ठिसूळ निघाली की चिमटीत धरली की पीठ. त्यात पाणी ओतल्यावर ते असं फसफसलं की शेजारची म्हैस दावं तोडून जी पळाली ती धरणगावच्या बाजारात सापडली. मग चारुलताने बाटलीतलं आम्ल थेंब थेंब सोडलं, आजाऱ्याला औषध पाजतात तसं. मी ढवळत बसले. ती मधूनच एक कागदाची पट्टी बुडवायची, तिचा रंग बघायची आणि म्हणायची, "अजून नाही." मी म्हटलं, "पोरी, जावई शोधतेस का काय?"

शेवटी पातेल्यात पांढरंशुभ्र, दाट, गुळगुळीत काहीतरी तयार झालं. ते बसू द्यायचं. सकाळी वरचं निवळ पाणी अलगद ओतून टाकायचं, नवं पाणी घालायचं, पुन्हा बसू द्यायचं. मी बघितलं आणि हसत सुटले. अहो, हे तर आम्ही दर चैत्रात करतो! कुरडयांसाठी गहू भिजवायचे, वाटायचे, गाळायचे, चीक खाली बसला की वरचं पाणी काढायचं. तोच रंग, तसाच दाटपणा. वरून झाकायला पांढरं फडकंसुद्धा तेच.

आणि नेमकी तेव्हाच सुनंदाबाई आली. ती सरळ चुलीपर्यंत येते, आणि आल्या आल्या झाकलेलं उघडून बघते.

"काय वं अक्का, गहू भिजाडा आन् माले सांगं बी नई?" फडकं वर करून ती वाकली. "काय पांढरा चीक शे व माय! कोठला गहू?"

आबा ओसरीवर बसलेले. मी काय सांगणार होते? जे तोंडाला आलं ते सांगितलं. "पिंपळनेरना. तिकडे डोंगरमा एक आदिवासी बाबा हाऊ गहू पेरस. चांदणामा कापतस, उन्ह लागू देत नहीत. म्हनीसन इतला गोरा. त्यानी कुरडई तळी ना, ते घरमा दिवा लावानी गरज नई."

सुनंदाबाईचे डोळे कपाळात. "खरं?"

"आबासनी शपथ." आबा ओसरीवर खोकले.

इथंच माझा तो चिमूटभर दोष. बाकीचं सगळं आमच्या गल्लीच्या रीतीमुळं झालं. आमच्याकडं कुरडया एकटीनं करत नाहीत. आज हिच्या घरी, उद्या तिच्या घरी, सगळ्या बाया मिळून. आणि एक नियम असा, की चीक तयार झाला आणि घरधनीण घरी नसली, तर शेजारणींनी तो वाया जाऊ द्यायचा नाही. आमच्याकडच्या उन्हात चीक दुपारपर्यंत आंबतो. त्या उन्हात वाटसरूची सावलीसुद्धा झाडाखाली बसून घेते, मग चिकाची काय कथा.

आखाजीच्या आधी एक दिवस सकाळीच चारुलता आणि मी पारोळ्याला गेलो. तिला टिकल्या पाडायला पितळी साचा हवा होता, आणि मला शेव-मुरमुरे. आबा शेतात. घर उघडं, आमच्याकडं उघडंच असतं. दुपारी परत आलो तर गल्लीतून बाया हसत हसत सामोऱ्या येत होत्या, हात कोपरापर्यंत पांढरे.

चारुलताने वर बघितलं. आमच्या स्लॅबवर माझं जुनं लुगडं पसरलं होतं आणि त्यावर ओळीनं कुरडया.

"आजी," ती म्हणाली, "आपल्या घरी कुरडया कोणी केल्या?"

मी पातेलं बघायला आत गेले. पातेलं घासून पालथं घातलेलं.

सुनंदाबाई जिन्यावरून उतरली ती नवरदेवाच्या आईच्या थाटात. "अक्का, तुम्हीन बिनघोर शेव-मुरमुरा खा, आम्हीन बठ्ठं काम करी टाकं. पन हाऊ तुमना पिंपळनेरना चीक मोठा हट्टी. कितला बी शिजाडा, पांढराना पांढराच. आन् सोऱ्यामाईन निघे तो लगेच तुटे. मंग मी मन्हा घरना चीक आना आन् त्यामा वती दिन्हा. मंग कशी तार निघनी!"

"काकू," चारुलता म्हणाली, "तुमचा चीक किती घातला?"

"हात म्हने तितला."

"आणि मीठ?"

"मीठ ना व? मीठबिगर कुरडई व्हस का? हिंग बी टाका."

"हिंग," चारुलता म्हणाली आणि जिन्याच्या पायरीवर खाली बसली. "मानवी हाडात हिंग."

"काय म्हनी ऱ्हायनी पोर?" सुनंदाबाईनं विचारलं.

"उन्ह लागनं तिले," मी म्हटलं. आणखी काय म्हणणार? बाया उभ्या, आबांची काठी दारात टेकत होती. अंडं म्हटलं असतं तर गल्लीभर आंघोळी झाल्या असत्या. आणि घाव अजून पुढं होता. रीत म्हणून, मदतीला आलेल्या बाईनं पहिल्या ओळीतल्या थोड्या कुरडया आपल्या घरी न्यायच्या असतात. त्या नेऊन झाल्या होत्या.

बाया गेल्यावर चारुलता स्लॅबवर गेली. मी मागोमाग. पोरगी रडत होती. मोठ्यानं नाही, नाक ओढत. निंबाची भट्टी संध्याकाळच्या आत पेटणार होती, ती यंदाची शेवटचीच. नवीन टरफलं आणा, भाजा, धुवा, एवढा वेळ नव्हता. सोमवार तर तोंडावर.

"पोरी, मी धुळ्याला येते आणि सरांना समजावून सांगते. असं सांगते की..."

"आजी, तू काही सांगू नकोस. तुझ्या सांगण्यानंच झालंय सगळं."

हे बोलणं लागलं मला. पण खरं होतं.

तिनं एक कुरडई उचलली. उन्हानं कडक वाळली होती. मोडली. मोडलेलं टोक डोळ्याजवळ धरलं आणि रडायची थांबली. मग दुसरी उचलून उन्हाकडं धरली आणि त्या तारांच्या जाळीतून आरपार बघत राहिली.

"काय दिसतंय? पिंपळनेर?"

"आजी, टिकली भरीव झाली असती. हाड भरीव नसतं गं. आतून जाळीदार असतं, असंच, तारांवर तारा आणि मध्ये वाट. त्या वाटेनंच रक्त जातं, नवं हाड चढतं. आणि काकूंचा गव्हाचा चीक भट्टीत जळून जाईल. तो जिथं होता तिथं आणखी बारीक भोकं राहतील."

"म्हणजे चांगलं झालं?"

"माहीत नाही. हिंगाचं काय होतं ते कुठल्याच पुस्तकात नाही."

मडक्यात कुरडया रचून आम्ही निंबाकडं नेल्या. त्यानं झाकण उघडून पाहिलं आणि आमच्याकडं पाहिलं.

"अक्का, कुरडया लोक तेलमा तळतस. तुमना घरमा तेल सरनं का?"

"डॉक्टरनी तेल बंद करं आबासनं," मी म्हटलं.

"म्हनीसन ईटभट्टीमा?"

"तू ठेव रे मुकाट्यानं."

दुसऱ्या दिवशी आखाजी. लेकी माहेरी आलेल्या, झाडाझाडाला झोके, घरोघरी आमरस आणि पुरणपोळी. आणि घरोघरी कढया चढल्या. सगळ्यात आधी ओरडली वच्छलाबाई, समोरच्या घरातून. "ओ माय, कुरडई बुडनी!" मग पलीकडून एक, मग कोपऱ्यावरून एक. एकीच्या घरी तर कुरडई इतक्या जोरात तळाला गेली की कढईला भोक पाडून चुलीत उतरली. जावई मंडळी पानावर बसलेली. एका जावयानं सासूचा मान म्हणून चावायला घेतली आणि दिवसभर गालावर हात धरून बसला.

आबा जेवायला बसले. "कुरडई नई का?"

"यंदा कुरडईले उपास शे," मी म्हटलं आणि त्यांना पापड वाढला. आबांनी माझ्याकडं एकदा बघितलं आणि पापड मोडला.

संध्याकाळी सगळ्या बाया झोक्यावर गेल्या. सुनंदाबाई आली नाही. दरवर्षी गाणं तीच उचलते. यंदा तिच्या दाराला आतून कडी होती, आणि झोक्यावर बाया म्हणत होत्या, "सुनंदाबाईना हात गया." मला ते ऐकवेना. पण सांगू तरी काय?

भट्टी निवली तेव्हा चारुलतानं मडकं स्वतःच्या हातानं उघडलं. काही कुरडया तडकल्या होत्या. पण बाकीच्या! आकसून लहान झालेल्या, चांदीसारख्या पांढऱ्या. एकीवर नखानं टिचकी मारली तर देवघरातल्या घंटीसारखा नाद आला. मी नाक लावून पाहिलं. हिंग नव्हता.

सोमवारी धुळ्याला गेलो. कापसात गुंडाळलेल्या कुरडया माझ्या पितळी डब्यात, डबा माझ्या मांडीवर. एसटीच्या कंडक्टरनं विचारलं, "काय शे आज्जी, लाडू?" मी म्हटलं, "हाडं." तो पुढच्या बाकाकडं सरकला तो धुळ्यापर्यंत मागं आलाच नाही.

हितेंद्र सर म्हणजे वाळलेल्या तुरीच्या काडीसारखा माणूस. त्यांनी डबा उघडला, बराच वेळ आत बघितलं.

"ही कुरडई आहे."

"हो सर," चारुलता म्हणाली.

"मी टिकल्या मागितल्या होत्या."

"साहेब," मी सुरू केलं, "त्याचं असं झालं, पिंपळनेरला डोंगरात एक बाबा..."

चारुलतानं माझ्या पायावर पाय दिला. मग तिनं जसं झालं तसं सगळं सांगितलं. पातेलं, बाया, गव्हाचा चीक, मीठ, हिंग. सर हसले नाहीत. एक कुरडई बशीत ठेवली आणि तिच्या बुडाशी लाल शाईचा थेंब सोडला. शाई आपोआप वर चढायला लागली, तारेतून तारेत, आणि बघता बघता सगळी कुरडई गुलाबी झाली. सरांनी ती अंगठ्याखाली दाबली. मोडली नाही. भिंग लावून पाहिली.

"गव्हाचा चीक किती टक्के होता?"

चारुलतानं माझ्याकडं पाहिलं.

"सांग ना."

"माहीत नाही सर. हात म्हणेल तितका."

"कोणाचा हात?"

"सुनंदाकाकूंचा."

सरांनी भिंग खाली ठेवलं. "मग हे संशोधन नाही, अपघात आहे. चांगला अपघात आहे. पण मी अपघातावर सही करत नाही. पुन्हा करून दाखव, माझ्यासमोर, मोजून. पुढच्या रविवारी मी तुमच्या गावी येतो. भट्टी विजेची वापर, हरकत नाही, पण बाकी सगळं तेच, आणि हात त्याच बाईचा. दुसऱ्यांदा असंच निघालं तर मानलं."

परतताना पोरगी खिडकीशी बसून मला म्हणाली, "आजी, टरफलं मी आणीन, सगळं करीन. पण काकू आपल्याशी बोलत नाहीत. त्या नाही आल्या तर सगळं संपलं." माझा हात धरून म्हणाली, "या वेळेला खरं सांगशील? नुसतं खरं? वर काही न घालता?"

खरं सांगायचं म्हणजे मला मीठ न घालता भाजी करायला सांगण्यासारखं. पण पोरीनं हात सोडला नाही.

मी सुनंदाबाईच्या ओसरीवर गेले. दार उघडायला तिनं वेळ लावला. तोवर वच्छलाबाई आणि अजून बाया जमल्याच. मी दम घेतला आणि सरळ खरं बोलले.

"सुनंदे, तो चीक गहूना नव्हताच. ती अंडासनी टरफलं व्हतीत. भट्टीमा भाजीसन, आम्ल टाकीसन त्यासना चीक करा. त्यानं हाड तयार व्हस. उद्या कोन्हा पाय मोडना, ते त्या पायमा बसाडतीन. तुन्ही कुरडई धुयाना सायेबले इतकी आवडनी की तो रविवारले तुन्हा हात देखाले ई ऱ्हायना."

बायांनी एकमेकींकडं पाहिलं. मग वच्छलाबाई पदर तोंडाला लावून अशी हसली की तिला भिंत धरावी लागली. "अक्का! अक्का, आते कुरडईना पाय बनाडा का तुम्हीन!"

"खरं शे व!"

"आन् म्हशीनं शेपूट बी बनाडशात का?"

"आबासनी शपथ!"

"पिंपळनेरना गहूले बी आबासनीच शपथ व्हती," सुनंदाबाई म्हणाली. ती हसत नव्हती. "माले वाटनं, माफी मांगाले उनी व्हशी. तू आखो थट्टा कराले उनी. बठ्ठा गाव मन्हावर हासी ऱ्हायना अक्का. मन्हा जावई हासना." तिनं दार लोटायला घेतलं.

आयुष्यभर मी सांगेन ते लोकांनी खरं मानलं. चांदण्यात कापलेला गहू मानला, आडवी कुरडई मानली. आणि आज पहिल्यांदा सरळ बोलले, तर कुत्रंसुद्धा विश्वास ठेवेना. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ते बघून वच्छलाबाई म्हणाली, "काय नाटक करस व ही!"

तेवढ्यात मागून काठीचा आवाज आला. आबा.

"ती सांगस ते खरं शे," आबा म्हणाले.

सगळं हसणं तिथंच बंद. आबा खोटं बोलत नाहीत. एकदा बैल विकताना त्यांनी गिऱ्हाईकाला सांगितलं होतं की हा बैल लाथा मारतो, आणि बैलसुद्धा लाजून मान हलवून हो म्हणाला होता.

"तुम्हांले काय माहीत?" मी विचारलं, कारण सगळ्यात मोठा धक्का मलाच बसला होता.

"माले पोतं उनं त्याच दिनले माहीत व्हतं. संगमरवरले वास ऱ्हास का?"

"आन् तुम्हीन बोलनात नई? घरमा अंडं!"

"टरफल शे ते. त्यामा जीव कोठे?" आबांनी काठीनं आपल्या ओढणाऱ्या पायावर टकटक केलं. "इतला वरीस मन्हा पायमा लोखंड शे. मी काय रेल्वे व्हयनू का? मंग टरफलनी कोन बाटस? पोर हाडनं काम करी ऱ्हायनी. थंडीमा हाई लोखंड कसं दुखस ते माले माहीत. करू द्या तिले." मग माझ्याकडं वळून म्हणाले, "तुन्हा संगमरवर ऐकाले मजा ई ऱ्हायनी व्हती, म्हनीसन गप ऱ्हायनू."

सुनंदाबाईनं दार पुन्हा उघडलं. पण तिचा चेहरा बदलला होता. "म्हंजे मन्हा सोऱ्यामा अंडं?"

"टरफल," मी म्हटलं.

"मन्ही सासूना सोऱ्या शे तो!" आणि मग तिनं मला जे सुनावलं, ते मी वर काहीही न घालता सांगितलं तरी कोणाला खरं वाटणार नाही, म्हणून सोडून देते. सुनावून झाल्यावर तिनं अट घातली. "रविवारले मी यीसू. पन सोऱ्या तुन्हा. आन् बठ्ठी गल्लीसमोर, त्या सायेबसमोर सांगानं, की सुनंदाना हात चुकना नई, भिकुबाईनी जीभ चुकनी."

"कबूल," मी म्हटलं. जीभ काय, माझी नेहमीच चुकते.

रविवारी सर आले. ओसरीवर खुर्ची टाकली. चारुलतानं तिचा पांढरा चीक ठेवला, शेजारी सुनंदाबाईचा गव्हाचा, आणि मध्ये तिचा नाजूक काटा. सुनंदाबाई ओंजळ भरायची, की चारुलता म्हणायची, "थांबा काकू," आणि ओंजळ काट्यावर. सुनंदाबाई वैतागली. "सोनार शे का तू?" पण हळूहळू तिला मजा यायला लागली, आणि ती मुद्दाम थोडं कमी घालून काट्याकडं बघायला लागली. मिठाची वेळ आली तेव्हा सर म्हणाले, "मीठ नको."

सुनंदाबाईनं हात कमरेवर ठेवला. "मीठबिगर? मंग लोक काय म्हनतीन?"

"हाड कोणी चाखत नाही, ताई."

"हिंग?"

सरांनी चारुलताकडं पाहिलं. "हिंगही नको."

सर सगळं टिपत होते. माझी जीभ चुकल्याचं मी गल्लीसमोर सांगितलं, दोनदा, कारण पहिल्यांदा सुनंदाबाईला नीट ऐकू आलं नाही म्हणे. जाताना सरांनी प्रत्येक कुरडईवर पेन्सिलीनं बारीक खूण केली, कोणी बदलायला नको म्हणून, आणि त्या सोबत घेऊन गेले. त्यांच्या भट्टीत त्यांनीच भाजल्या.

मग त्यांचा फोन आला तो चारुलताला नाही, माझ्याकडं. "आज्जी, चारुलताला सांगा, शाई चढली. तडकलेलीही एक नाही. मीठ नव्हतं म्हणून असेल. आता लिही म्हणावं. माणसाच्या अंगात जायला अजून बरीच वर्षं आहेत, पण 'सोपी' शब्द राहू दे."

पोरीनं मला उचलून गरागरा फिरवलं. मी म्हटलं, "खाली ठेव, माझं हाड मोडलं तर तुझं अजून तयार नाही."

आंबे संपायच्या आत सरांना जेवायला बोलावलं. आमरस, पुरणपोळी, आणि सुनंदाबाईनं स्वतः तळलेल्या कुरडया, खऱ्या गव्हाच्या. अशा फुललेल्या की वाढायला ताटाऐवजी परात आणली. वच्छलाबाई दारात उभी राहून बघत होती.

सरांनी कुरडई हातात घेतली. खाल्ली नाही. आधी ताटाच्या कडेवर टकटक आपटून पाहिली, कान लावून ऐकली. मग माझ्याकडं बघितलं.

"आज्जी, कोणता गहू?"

सुनंदाबाईनं झारा वर धरला आणि माझ्याकडं बघत राहिली. चारुलतानं माझ्या पायाजवळ पाय आणला. आबा ताटात बघून गालातल्या गालात हसत होते.

"पारोळ्याच्या बाजारातला," मी म्हटलं. "साधा."

सरांनी ती तरीही पुन्हा एकदा ताटावर आपटली, आणि मग खाल्ली.